सुमनताईंनी घेतलेलं सूर्याचं माप

माझ्या बायकोच्या मोरपंखी ब्लाऊजच्या अस्तरावर, डाव्या काखेजवळ, एक गणित लिहिलेलं आहे. सात छेद बारा वजा तीन छेद आठ. बॉलपेननं. चार वेळा धुऊनही ते गेलेलं नाही. बायको तणतणत वर गेली, तर तो शिवणाऱ्या सुमनताई भोयरांनी चष्मा चढवून अस्तर निरखलं आणि हरखून म्हणाल्या, "अवं, हे इथं होय! मी सारं घर धुंडून राहिली."

आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी उत्तर काढलं. पाच छेद चोवीस. ते ब्लाऊजवर लिहू दिलं नाही, एवढंच बायकोचं यश.

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत मी तळमजल्यावर राहतो, सुमनताई दुसऱ्या मजल्यावर. वय अठ्ठावन्न, शाळा सातवीपर्यंत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तीस वर्षं ब्लाऊज शिवतात. मी दहावीच्या गणिताची शिकवणी घेतो. त्यामुळे त्यांच्या डोक्यात जे शिरलं, त्याचा सगळा त्रास देवानं माझ्या वाट्याला लिहून ठेवला होता.

शिरलं ते असं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोनवर कृष्णविवराचा एक व्हिडिओ पाहिला. आपण पाहतो, चकित होतो, पुढे सरकतो. सुमनताईंना राग आला.

"तो पोट्टा हासत हासत सांगून राहिला, का तिथं वेळ हळू चालते म्हणून. मले काही समजलं नाही, आन तो हासूनच राहिला! सर, हे समजाले काय लागते?"

"गुरुत्वाकर्षण," मी म्हणालो.

"आन ते समजाले?"

"कॅलक्युलस."

"त्याले?"

"बीजगणित. आणि बीजगणिताला अपूर्णांक."

"ते तं मले पाचवीतच नव्हते आले."

"मग तिथूनच सुरू करा," मी गमतीनं म्हणालो. ही माझी आयुष्यातली सर्वांत महागात पडलेली गंमत. दुसऱ्याच दिवशी त्या सीताबर्डीच्या फुटपाथवरून पाचवी ते दहावीची गणिताची जुनी पुस्तकं घेऊन आल्या, आणि शिलाई मशीनच्या फळीवर पाचवीचं पुस्तक उघडून बसल्या.

त्यांचं शिकणं एका शब्दावर चालतं. काहून, म्हणजे का. माझ्या शिकवणीतली मुलं हा शब्द कधी वापरत नाहीत, म्हणून माझं बरं चाललं होतं. एकदा त्यांनी विचारलं, "वजा गुणिले वजा बेरीज होते. काहून जी?"

"नियम आहे तो."

"नियम तं सिग्नलचाबी असते. त्यालेबी काही कारण असते ना?"

मी दोन दिवस त्यांना चुकवून मागच्या जिन्यानं ये-जा केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठलं. हातात एक कापड होतं. त्यांनी ते उलटं केलं. "हे वजा." पुन्हा उलटं केलं. "आली का नाही सुलटी बाजू? राहू द्या, माझं मीच काढलं." तेव्हापासून मी वर्गात रुमाल घेऊन हे शिकवतो. कोणाकडून शिकलो ते अजून सांगितलेलं नाही.

अवकाश वाकतं म्हणजे काय, हे मला कधी नीट समजलं नव्हतं. सुमनताईंना ते एका दुपारी समजलं. "सपाट कापड गोल आंगावर बसवाचं तं टक्स द्याच लागते, कापड चिमटून शिवाच लागते. नाही देला का चुण्या पडते. आता मले एवढंच सांगा, आकाशाले टक्स देल्ला कोनं?"

"वस्तुमानानं," मी म्हणालो.

"मंग बराबर आहे," त्या म्हणाल्या, आणि कात्री उचलली. एका मोठ्या सिद्धांताला मिळालेली इतकी सहज मान्यता मी पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. बाई खगोलशास्त्र शिकतात आणि रात्री नऊला झोपतात. तसं बोललो, तर म्हणाल्या, "सूर्यबी ताराच आहे ना जी? दिवसाच दिसते. मंग मी रातच्याले काहून जागू?" खरं होतं. नागपुरात एप्रिलमध्ये हा तारा शोधावा लागत नाही, तोच आपल्याला शोधत येतो.

अशाच एका एप्रिलात, सकाळी सात वाजता, त्यांनी मला गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत बोलावलं. पूर्वेच्या खिडकीला पुठ्ठा लावला होता आणि त्याला सुईनं एक भोक पाडलं होतं. आत अंधार. भोकातून आलेलं ऊन अस्तराच्या पांढऱ्या कापडावर पडलं होतं आणि तिथं एक लहानसा गोल उजेड थरथरत होता. तो सूर्य होता. त्याच्याकडे थेट पाहायचं नाही, हेही त्यांनीच मला बजावलं. मग तो गोल बरोबर एक इंचाचा होईपर्यंत त्यांनी कापड मागे मागे नेलं.

"आता धरा टेप."

टेप साठ इंची, म्हणून दोनदा धरली. पुठ्ठ्यापासून कापडापर्यंत एकशे आठ इंच भरलं.

"म्हणजे जेवढा दूर, त्याचा एकशे आठवा हिस्सा त्याची रुंदी," त्या पुटपुटल्या. पृथ्वीपासून सूर्य पंधरा कोटी किलोमीटर, हे पुस्तकातून घेतलेलं. भिंतीवरच खडूनं भागाकार झाला. तेरा लाख एकोणनव्वद हजार किलोमीटर. मी फोनवर खरा आकडा शोधला. तेरा लाख ब्याण्णव हजार होता.

"थोडासा तंग झाला," त्या म्हणाल्या. "चालते." आणि गिऱ्हाइकांच्या मापवहीत, शेजारच्या बँकवाल्या बाईंच्या खाली, त्यांनी सूर्याचं माप नोंदवून ठेवलं.

यानंतर महिन्याभरानं मला त्या खाली पार्किंगमध्ये दिसल्या. माझ्या स्कूटरचं माप घेत होत्या. जमिनीपासून हँडलपर्यंत, मग एका ग्रिपपासून दुसऱ्या ग्रिपपर्यंत.

"सुमनताई, हिला ब्लाऊज शिवताय का?"

त्या हसल्या नाहीत. पदराखालून त्यांनी फोन काढला. स्क्रीनवर एक तिशीची बाई अशाच स्कूटरमागे उभी होती. तीच कंपनी, तेच मॉडेल.

"हे माझी मीनल," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला त्यांची मुलगी आहे हेच माहीत नव्हतं. मीनल हैदराबादला असते. पाच वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. सुमनताईंना ते पसंत नव्हतं.

"साऱ्या मनीषनगरातल्या नवऱ्या पोरींचे लग्नाचे ब्लाऊज मी शिवले, सर. हिचा नाही शिवला. हिनं दोनदा म्हटलं, आई, शिवून दे. मी म्हटलं, दुकानातून घे. तवापासून हिचा फोन नाही, का माझा नाही. डीपी बदलते तेवढा पाहून घेते."

त्यांनी कागद पुढे केला. फोटोतली स्कूटर एवढी, खरी स्कूटर एवढी, तर फोटोतले खांदे एवढे असताना खरे किती? समरूप त्रिकोण. नववीचा धडा.

"एकच शंका आहे. हे गाडीच्या मांगं उभी आहे, चार बोटं तरी. म्हणजे खरीपेक्षा लहान दिसत असन ना?"

मी पार्किंगच्या पायरीवर बसून ते गणित सोडवलं. शिकवणीची मुलं अर्धा तास दाराशी ताटकळली. खांद्यात पाव इंच वाढवायचं ठरलं. छातीचा घेर सपाट फोटोतून कसा काढणार, असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मले पुस्तकानं नका शिकवू."

ब्लाऊज तयार झाला, कुरिअरनं गेला. आणि सुमनताईंनी गणिताची पुस्तकं मिटली. चार दिवस, आठ दिवस. जिन्यात भेटल्या तरी काही विचारत नव्हत्या. मला चैन पडेना. मी स्वतःच वर जाऊन लॉगॅरिदमचा विषय काढला, तर म्हणाल्या, "मंग पाहू, सर."

अकराव्या दिवशी दुपारी मी वर गेलो होतो, तेव्हाच फोन वाजला. नाव पाहून त्या उभ्या राहिल्या. फोन कानाला लावला. मग गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या,

"खांदा बसला ना?... हो, काखेत तंग असन. किती तंग? बोट जाते का आत?... नाही वं, असं फोनवर नाही सांगता येत. माप घ्या लागते. तुले यावं लागन... हो, दोघंबी या."

फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या. चष्मा डोळ्यांवरून काढायचं मात्र राहून गेलं होतं.

"खांदा बरोबर आला," मी म्हणालो. "काखेतही पाव इंच वाढवायला हवा होता. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"काही नाही, सर. दोन्हीकडून इंच-इंच जास्तीच्या कापडाची माया सोडून ठेवली आहे आत. चार टाके उसवले का झालं. कोनताबी टेलर पाच मिनिटात करून देईन."

"मग तिला ते का नाही सांगितलं?"

सुमनताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून पाचवीतच होतो.