रेडिओवरचा लंगोट

छायाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मावसभाऊ श्रीकांत कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला गेला आणि तिथून त्याने पत्रात विचारलं, "भाऊजी, तुमच्यासाठी काय पाठवू?" मी शहाण्या माणसासारखं 'घड्याळ' असं लिहिलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. आमच्या सौंसरच्या तहसील कचेरीत त्या काळी जपानी घड्याळवाल्या बाबूला साहेबसुद्धा वेळ विचारायचे. पण मी लिहिलं, 'सुमोची व्हिडिओ कॅसेट.' (माझ्याकडे व्हिडिओ नव्हता. टीव्हीही नव्हता. तो तपशील मी नंतर बघणार होतो.)

सुमो म्हणजे जपानची कुस्ती. रेडिओवर टोकियोहून हिंदीत कार्यक्रम लागायचा आणि त्यात कधीकधी या कुस्तीच्या बातम्या यायच्या. सन ऐंशीच्या पावसाळ्यात स्टेशन शोधता शोधता माझी सुई तिथे अडकली, ती अडकलीच. पुढची सहा वर्षं मी सुमो ऐकली. वर्षाला सहा स्पर्धा, एकेक पंधरा दिवसांची. कोण जिंकला, कोण रिंगणाबाहेर गेला, सगळं माझ्या वहीत होतं. माझं वजन सत्तेचाळीस किलो (दिवाळीनंतर), त्यामुळे दीडशे किलोच्या माणसांबद्दल मला वाटणारी माया कुणीही समजून घ्यावी. फक्त एक गोष्ट राहिली होती. ती कुस्ती मी कधी पाहिली नव्हती. एकाही पैलवानाचा चेहरा मला माहीत नव्हता. रेडिओवाल्यांना मी तीनदा पत्र पाठवून फोटो मागितला. त्यांनी तिन्ही वेळा कॅलेंडर पाठवलं. त्यावर गुलाबी फुलं होती. छाया त्यावर सिलिंडर कधी लावला ते लिहून ठेवायची.

म्हणून कॅसेट. एकदा, फक्त एकदा, मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

श्रीकांतने कॅसेट धाडली, आणि हरवू नये म्हणून पत्ता घातला माझ्या कचेरीचा. पार्सलच्या फॉर्मवर 'आत काय आहे' असा रकाना असतो. श्रीकांत इंजिनियर माणूस, खोटं लिहीत नाही. त्याने इंग्रजीत खरं ते लिहिलं. परिणामी, दोन महिन्यांनी पार्सलऐवजी नागपूरच्या कस्टमची हिंदी नोटीस आली आणि आमच्या बडे बाबूंनी, सुखदेवजींनी, सगळा स्टाफ चहाला जमलेला असताना ती मोठ्याने वाचली.

"सामग्री: वीडियो कैसेट, नग एक. विवरण: स्थूल पुरुष, लगभग निर्वस्त्र." इथे त्यांनी चष्मा काढून पुसला. "कारण बताइए कि उक्त सामग्री अश्लील मानकर ज़ब्त क्यों न की जाए."

सगळ्यांनी चहा फुंकून फुंकून प्यायला.

"मुकुंद," सुखदेवजी हळूच म्हणाले, "बायको चांगली आहे ना रे तुझी?"

"कुस्ती आहे ती, बडे बाबू."

"असंल ना बावा. पण हे पाय, खाली लिहून आहे. पार्सल आपलं नाई म्हणून सही केली का विषय खतम. घे पेन."

पेन त्यांनी टोपण काढून पुढे धरलं होतं. सही करायला दोन सेकंद लागले असते. पण मला एकदम राग आला. सहा वर्षं मी खरखरीत कान घालून बसलो, तीन कॅलेंडरं सोसली, आणि आता माझं पार्सल माझं नाही म्हणून लिहून देऊ? मी पेनला टोपण लावलं आणि परत दिलं. "पार्सल माझंच आहे," मी म्हणालो. "मी सोडवून आणणार." (हे वाक्य ठासून म्हटलं खरं, पण टोपण उलटं बसलं होतं आणि शाई माझ्या शर्टावर आली.)

सौंसरहून पांढुर्ण्याला बस जाते आणि बसबरोबर बातमीही जाते. पांढुर्णा ही माझी सासुरवाडी. सासरे भगवंतराव संत्र्यांचे व्यापारी, आणि त्याआधी पंचक्रोशीत नावाजलेले पैलवान. लग्न ठरवताना त्यांनी मला खालून वर न्याहाळलं होतं आणि माझ्यादेखत सासूबाईंना विचारलं होतं, "हे जेवते ना बराबर?" त्यानंतर चौदा वर्षं त्यांचं माझ्याबद्दलचं मत बदलावं असं काही घडलं नव्हतं. आता घडलं. रविवारी येऊन भेटा, असा निरोप आला. बसमधून उतरताना छाया म्हणाली, "सही करून टाकली असती तर काय बिघडलं असतं हो? बाबांच्या डोळ्याले डोळा कसा देऊ मी?"

बैठकीत सासरे गादीवर बसले होते. सासूबाई, म्हणजे केसरबाई, दाराशी सुपारी कातरत होत्या.

"जावईबापू, काय मागवून राहिले तुमी जपानातून?"

"कुस्ती, मामाजी."

"कुस्ती मी खेळलो. कुस्ती जप्त नाई होत."

"त्यांनी चुकीचं वाचलं. तसं काही नसतं. लंगोट असतो त्यांना."

"तुमी पायला?"

"नाही. रेडिओवर ऐकलं."

सासऱ्यांनी छायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रेडिओवर लंगोट ऐकू येते?"

दाराशी अडकित्ता थांबला. केसरबाईंनी तोंडाला पदर लावला. मला खजील व्हायला हवं होतं, पण सहा वर्षांचा सगळा साठा आता वर आला होता. समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा मोठा, चौकटीतला फोटो होता. जामसांवलीच्या हनुमानाच्या जत्रेत कुस्त्या मारल्यावर काढलेला. वय पंचवीस, छाती पुढे, मिशा वर, अंगावर लंगोट आणि बाकी फक्त तेल. मी तिकडे बोट केलं.

"मग हे काय आहे?" मी म्हणालो. "हेही जप्त करायचं का? विवरण, पुरुष, लगभग निर्वस्त्र, नग एक."

बोललो आणि त्या क्षणी मला माझी बोलण्याची वेळ संपल्याचं कळलं. छायाने डोळे मिटले. सासरे उठले. मी एक पाऊल मागे सरकलो. ते माझ्या जवळून गेले, स्टुलावर चढले आणि त्यांनी फोटो खिळ्यावरून काढला.

"याले अश्लील म्हणते कोन?" ते फोटोकडे पाहत म्हणाले. "बजरंगबलीसमोर बांधला हा लंगोट मी. आं? चला, त्या सायबालेच पुसू."

मंगळवारी आम्ही दोघे नागपूरच्या पॅसेंजरमध्ये होतो. फोटो चादरीत गुंडाळून मांडीवर होता, आणि तो माझ्या मांडीवर होता. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं म्हणून सासऱ्यांनी चादर बाजूला केली. तिने हात जोडले.

"कई वारले?"

"मी बसून राहिलो ना इथं," सासरे म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून सहानुभूतीने मान हलवली. काटोल येईपर्यंत सासऱ्यांनी चादर पुन्हा उघडली नाही.

कस्टमचे साहेब थकलेले, सभ्य गृहस्थ होते. सासऱ्यांनी त्यांच्या फायलींवर फोटो उभा केला.

"यात अश्लील काय आहे?" साहेब म्हणाले.

"तेच तं पुसून राहिलो."

"हे कोण?"

"हा मी."

साहेबांनी सासऱ्यांच्या सदऱ्याखालच्या पोटाकडे थोडा वेळ पाहिलं, पण माणूस सभ्य होता. त्यांनी नोटीस वाचली. मग मला विचारलं, "जपानी पैलवान लंगोट घालतात हे तुम्हाला कशावरून माहीत? पाहिलं आहे?"

मी पिशवीतली वही चाचपली. आता 'रेडिओ' म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. तेवढ्यात सासरे पुढे झाले.

"आमच्या जावयानं सहा वर्सं रेडिओवर आयकलं," ते असं म्हणाले की जसं काही मी तिथे जाऊन एखाद्याला चीत करून आलो होतो. "सगळ्याची नोंद असते त्याच्या वहीत. वही दाखवा, जावईबापू."

मी वही दाखवली. साहेबांनी चार पानं उलटली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि शिक्का मारला. मला वाटतं, वहीत लंगोटाचा पुरावा नव्हता, पण असल्या माणसाच्या हातून गुन्हा होणार नाही याची त्यांना खात्री पटली. जकात भरून आम्ही कॅसेट घेतली. परतीच्या गाडीत फोटो सासऱ्यांच्या मांडीवर होता आणि कॅसेट माझ्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली दशमी दिली. मी ती खिडकीकडे तोंड करून खाल्ली, कारण डोळे भरून आले होते.

टीव्ही आणि व्हिडिओ सासऱ्यांकडेच होता, धाकट्या मेहुण्याच्या लग्नात घेतलेला. रविवारी दुपारी पांढुर्ण्याचा अख्खा आखाडा बैठकीत आला. तिगावहून पॅसेंजरने भाऊराव पैलवान आले, त्यांच्या एकट्यासाठी सतरंजी अंथरली. बायका स्वयंपाकघराच्या दारात. मी सगळ्यांच्या मधे, पुढे, पाटावर. कॅसेट मीच आत सारली.

पडद्यावर दोन करडे ढग आले आणि वर निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा वर गेले. रंगाचा पत्ता नव्हता. जपानच्या टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी, हे श्रीकांतला ठाऊक होतं, पण फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

"पैलवान सरगात चालले," भाऊराव म्हणाले.

मी धावत टीव्हीमागे गेलो. तिथे चित्र थांबवायचं एक बारीक बटण असतं. ते अर्धं वळवून दाबून धरलं आणि पुढे एकदम आरोळी उठली. चित्र थांबलं होतं. मी बटण सोडलं. ते पुन्हा पळालं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हालू नका."

मग मी हाललो नाही. टीव्हीमागे, भिंतीला पाठ लावून, एका बोटाने जपान धरून उभा राहिलो. पुढे लोक बघत होते.

"मीठ फेकून राहिला वो हा."

"मूठभर फेकलं," केसरबाई म्हणाल्या. "घरी बायको नसंल."

"अबे, धरला, धरला, गेला!"

"कोण गेला?" मी मागून विचारलं.

"हाच. जाडा."

दोघेही जाडेच होते. पण जपानी निवेदकाने नाव उच्चारलं आणि मी ते ओळखलं. मग मी मागूनच सांगू लागलो, मीठ रिंगण शुद्ध करायला, हा अमुक, याचं वजन एवढं, हा मार्चमध्ये हरला होता. आखाडा माना डोलवू लागला. छायाला माझी दया आली. तिने वेणीफणीचा आरसा आणून माझ्यासमोर तिरका धरला. आरशात मला एका खांद्याचा कोपरा दिसला, खरोखरचा जपानी खांदा, आणि तेवढ्यात कुस्ती रंगली, छाया तिकडे बघू लागली, आरसा वर गेला. उरलेली कुस्ती मी छताचा पंखा पाहत ऐकली.

शेवटच्या कुस्तीआधी माझा धीर संपला. "आता मी पुढे येणार," मी जाहीर केलं. "माझी कॅसेट आहे."

"या ना, या," भाऊराव पैलवान उठले. "मी धरतो. बटनच तं आहे."

त्यांनी धरलं. टीव्हीमागून पुढे यायला चार पावलं लागतात. तिसऱ्या पावलाला कट्ट असा आवाज आला. चौथ्याला मी पडद्यासमोर पोचलो तेव्हा दोन जाड पाय आभाळात चालले होते आणि भाऊराव मागून हात वर करून ते बारीक बटण सगळ्यांना दाखवत होते.

लोक उठले, चहा झाला. मी पाटावर बसून पाय वर जाताना पाहत होतो. सासरे शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात चांगला जड होता.

"खरी निघाली तुमची गोष्ट," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लंगोट होता. चांगला जाड, कसून बांधला होता."

मग ते माझ्याकडे वाकले आणि काळजीने म्हणाले, "मागं तुमाले आयकू आला ना बराबर?"