प्रयोगशाळेतला फेटा

सत्कार करावा तर साहेबराव सरांनीच, असं उस्मानपुऱ्यातल्या त्या शाळेत सगळे म्हणायचे. सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे ते साहेबराव सर स्वतः!

"मॅडम, तुम्ही निवांत राहा," मुख्याध्यापकाच्या खुर्चीत रेलून त्यांनी विज्ञानाच्या गजाला मॅडमना सांगितलं. "माझ्या हातचा फेटा बांधून घेतला आणि नंतर 'नाही' म्हणाला, असा माणूस अजून जन्मायचाय. तुमची प्रयोगशाळा वाचली म्हणून समजा!"

प्रकरण तसं गंभीर होतं. संस्थेचे अध्यक्ष कारभारी आण्णा यांना शाळेत बसायला ऑफिस हवं होतं आणि त्यांचा डोळा होता नेमका प्रयोगशाळेच्या हवेशीर खोलीवर. ती गेली की परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक पत्र्याच्या शेडमध्ये! गजाला मॅडम आल्या तेव्हा त्या खोलीत मोडके बाक आणि उंदीर होते. मॅडमनी ती स्वतः घासूनपुसून उभी केली होती. आण्णा आज खोली पाहायला फुलंब्रीहून निघाले होते आणि पाहूनच काय ते सांगणार होते.

"फक्त एक करा," सर म्हणाले. "आजच्या दिवस ते तुमचे नियम जरा बाजूला ठेवा. पाहुणा म्हणजे काही नववी ब नाही."

"सर, आगीला पाहुणा कळत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

सरांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. प्रयोगाच्या टेबलावर त्यांनी पितळी समई मांडली. मॅडमनी मुकाट्यानं स्पिरिटच्या सगळ्या बाटल्या कपाटात कुलूपबंद केल्या. कोपऱ्यात पाण्यानं भरलेली एक लाल बादली होती. ती सरांना अगदीच गावंढळ वाटली, म्हणून त्यांनी सत्काराचे झेंडूचे हार तिच्यात बुडवून ठेवले; तेवढीच ती सजली आणि हारही ताजे! मग त्यांनी स्वतःला फेटा बांधला. मागं सोडलेला त्याचा शेमला इतका लांब, की सर वळले की तो बऱ्याच वेळानं वळायचा!

आण्णा आले. त्यांनाही फेटा बांधला. ते समईजवळ जाणार, तोच सत्काराला बसवलेल्या नववी बची वर्गप्रमुख संस्कृती पुढं झाली.

"आण्णा, शेमला आत खोचा. आणि हा चष्मा लावा. ज्योतीजवळ लोंबतं काही चालत नाही."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मेलो! अध्यक्षांना हुकूम!

पण आण्णा हसले. "व्हय गं बाई, खोचतो की! आमची नात बी अशीच दरडावती." फेटा आणि त्याखाली भलामोठा पारदर्शक चष्मा, अशा थाटात त्यांनी समई पेटवली आणि ते बाकावर जाऊन बसले.

"सर, तुमचा शेमला?" संस्कृतीनं विचारलं.

"आमचा शेमला म्हणजे शाळेची शान आहे! ती खोचत नसतात!" असं म्हणून सर समईकडे पाठ करून भाषणाला उभे राहिले.

भाषण रंगात आलं. सर एकेका वाक्याला मान झटकत होते, आणि मागं शेमला ज्योतीवर झोके घेत होता. चौथ्या की पाचव्या झोक्याला ज्योतीनं त्याला धरलं.

संस्कृतीनं हात वर केला.

"प्रश्न नंतर!" सर म्हणाले.

मग अख्ख्या वर्गानं हात वर केले. 'काय ही ज्ञानाची भूक!' असं वाटून सरांनी आवाज आणखी चढवला. आण्णा घाईघाईनं हातानं मागं, मागं, असं खुणावू लागले. सरांना वाटलं, भाषण आवरतं घ्या म्हणतायत.

"आवरतोच आण्णा, फक्त दोन मुद्दे..."

तेवढ्यात मानेला चटका बसला. सरांनी मागं पाहिलं, "अगं आई गं!" म्हणून बोंब ठोकली आणि ते दाराकडे सुटले.

"पळू नका सर!" गजाला मॅडमचा आवाज असा कडाडला, की सर जागच्या जागी थिजले. "पळालं की आग भडकते! नक्को हलू!"

एका झेपेत मॅडम आल्या, डोक्यावरून फेटा उपटला, बेसिनमध्ये टाकला आणि नळ सोडला. नळ नुसताच घुरघुरला. आज पाण्याचा वार कुठं होता! पण या शहरात राहून नळावर भरवसा ठेवणाऱ्या मॅडम नव्हेत. त्यांनी लाल बादली उचलली आणि हारांसकट फेट्यावर रिकामी केली. फस्स!

इकडे एका मुलानं समई शांत केली, दुसऱ्यानं खिडक्या उघडल्या, बाकीची पोरं रांगेनं व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. ना आरडाओरडा, ना ढकलाढकली. मॅडमनी सरांची मान पाहिली. थोडी लाल झाली होती, बाकी काही नव्हतं. त्यांनी व्हरांड्यातल्या मडक्यातलं पाणी आणवून मानेवर धरलं. सरांना पहिल्यांदाच उमगलं. एवढी वर्षं ज्या बाईला आपण किरकिरी समजलो, तिनं या पोरांना केवढी मोठी विद्या दिलीय!

आण्णाही उभे राहिले होते. "बाई, मानलं तुमाला! लई तयार केलीत पोरं. इतकी भरवशाची खोली साऱ्या शाळंत दुसरी नाय."

मॅडमचा चेहरा उजळला.

"म्हून म्हंतो, माझं ऑफिस हितंच बरं! चहा सांगा."

साहेबराव सर मटकन बाकावर बसले. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. "बसा ना आण्णा. फक्त प्रयोगशाळेत चहा चालत नाही. पाणीसुद्धा बाहेर जाऊन प्यावं लागतं."

"अध्यक्षाला बी?"

"अध्यक्षांनासुद्धा."

"आन सुपारी?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. आण्णांनी खोलीकडे पाहिलं, खिशातल्या सुपारीच्या डबीवर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला. "ऱ्हाऊ द्या मग. पोरांचीच खोली ही. कुनी मागितली तर माझं नाव सांगा."

व्हरांड्यात टाळ्या कडाडल्या! सरही उठून टाळ्या वाजवू लागले. काही म्हणा, सत्कार फळाला आला होता!

"पन हेडमास्तर," आण्णा चष्मा काढत म्हणाले, "तुमच्या केबिनीत चहा चालतो ना?"

"हो हो! कधीही!" सर उत्साहानं बोलून गेले, आणि मग त्यांच्या टाळ्या हळूहळू थांबल्या.

हल्ली साहेबराव सरांचं टेबल प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात असतं. नववी बचा तास सुरू झाला की ते मुकाट्यानं चष्मा लावतात आणि चहाची तल्लफ आली की हात वर करून बाहेर जायची परवानगी मागतात.