नेव्हिलची दुसरी बॅटरी

"पण फ्रिज लागतोय कशाला?" डॉरीनने तिसऱ्यांदा विचारलं. "ऑगस्ट चालू आहे, ऐन हिवाळा. तिकडे रात्री बादलीतलं पाणी गोठतं."

नेव्हिलचं डोकं जीपच्या बॉनेटखाली होतं. "म्हणून काय बिअर बादलीत ठेवायची? आणि फ्रिजला बॅटरी वेगळीच हवी. आहे तिच्यावर चालवला तर सकाळी जीप सुरू व्हायची नाही. मग वाळवंटात ढकलायला कोण येणार, तुझी आई?"

डॉरीनच्या आईला जाऊन अठरा वर्षं झाली होती. डॉरीन आत गेली.

आयरचं तळं भरलं होतं. एरवी तिथे नुसतं मिठाचं पांढरं मैदान. कुठे तरी उत्तरेला धो धो पाऊस होतो, ते पाणी महिनोन्‌महिने रखडत येतं आणि मागोमाग हजारोंनी पाणकोळी पक्षी उतरतात. हे असं कित्येक वर्षांतून एकदा. आमच्या क्वॉर्नपासून वाट जेमतेम एका दिवसाची, पण लग्नानंतर पहिल्यांदा तळं भरलं तेव्हा नेव्हिलला रेल्वेतून रजा मिळाली नाही आणि दुसऱ्यांदा भरलं तेव्हा तो शेडवर पत्रे घालत होता. या खेपेला मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी डॉरीनला स्पष्टच सांगितलं होतं, "पुढच्या हिवाळ्यापर्यंत नजर टिकेल असं वाटत नाही. जे बघायचंय ते बघून घ्या." दवाखान्याची पायरी उतरताना ती एवढंच म्हणाली, "नेव्ह, तळं."

नेव्हिलचा बायकोवर जीव होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही शंका येईल. तिच्यासाठी सगळं यथासांग व्हावं, एवढाच त्याचा हट्ट. तीस वर्षांच्या जीपमध्ये दुसऱ्या बॅटरीला जागा नव्हती, म्हणून काचेवर पाणी मारायची टाकी हलवली. टाकीसाठी हॉर्न हलवला. हॉर्न बसवायला पट्टी कापली, ती आखूड पडली, म्हणून दुसरी कापली. असा आठवडा गेला. आमच्या गावात कुणी बॉनेट उघडलं की मुंग्यांना साखर कळावी तसं गावाला कळतं. रोज संध्याकाळी चार शहाणे खुर्च्या आणि बिअर घेऊन शेडमध्ये हजर व्हायचे.

"एवढी दांडगी बॅटरी कशाला घेतलीस गड्या?" शेजारचा क्लाइव्ह म्हणाला. त्याची हयात विजेच्या कामात गेलेली. "मापं घेतलीस ना?"

"लांबी घेतली, रुंदी घेतली. मला शिकवू नकोस."

"आणि वायरला फ्यूज?"

"त्याचं पार्सल गुरुवारी येतंय. सहलीहून परतल्यावर टाकीन. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. डॉरीन डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन सीटवर बसली. चारही शहाणे निरोपाला आले. डॉरीनची मैत्रीण ग्लेनिस आपल्या छोट्या लाल गाडीतून फ्रूट केक घेऊन आली. सगळे बघताहेत म्हटल्यावर नेव्हिलने बॉनेट जरा तोऱ्यातच धाडकन आपटलं.

लांबी घेतली होती, रुंदी घेतली होती. उंची राहिली होती. बॅटरीचं वरचं टोक बॉनेटच्या पत्र्याला टेकलं, ठिणग्या उडाल्या आणि बघता बघता इंजिनातून काळा धूर निघाला. क्लाइव्हने धावत येऊन वायर तोडली. तोवर जीपचं अर्धंअधिक वायरिंग जळून गेलं होतं.

डॉरीन डबा घेऊन शांतपणे खाली उतरली.

"चल, माझ्या गाडीतून जाऊ," ग्लेनिस म्हणाली. "बर्फाचा खोका पंपावर मिळतो. नेव्ह, मागची सीट रिकामी आहे, तूही ये."

नेव्हिलने त्या सीटकडे पाहिलं. मग शहाण्यांकडे पाहिलं. इतका खटाटोप करून बायकांच्या मागे, केक मांडीवर घेऊन बसायचं? "तुम्ही व्हा पुढे. दोन दिवसांत गाठतो."

"नेव्ह, ये ना," डॉरीन हळूच म्हणाली.

"दोन दिवस म्हटलं ना!"

लाल गाडी गेली. तेव्हा निमूटपणे मागे बसला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? हा प्रश्न पुढे त्याने स्वतःलाच इतक्यांदा विचारला, की क्लाइव्हने विचारायची गरज उरली नाही.

वायरिंग ॲडलेडहून आलं, ते भलत्याच गाडीचं. ते परत पाठवलं. बरोबर आलं तेव्हा पावसाने तळ्याकडचा कच्चा रस्ता तीन आठवडे बंद. डॉरीन पाचव्या दिवशीच परतली होती, नाकाची सालं निघालेली, चेहरा मात्र फुललेला. ती सांगायला लागली की नेव्हिल हात वर करायचा. "सांगू नकोस. आपण दोघं जाऊ, तेव्हा बघेन." तिने मग सांगणं सोडून दिलं. हळूहळू ती चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून बघू लागली.

अखेर नोव्हेंबरात घोडं गंगेत न्हालं. बाहेर बेचाळीस अंश, फ्रिजमध्ये चार. वाटेत मारी गावच्या पबवाल्याने विचारलं, "तळ्याला निघालात? आत्ता? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच!" नेव्हिलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काठावर दोघं उतरली. क्षितिजापर्यंत मीठ. पाण्याचा टिपूस नव्हता.

डॉरीनने डोळ्यांवर हात धरला. तिला आता नुसता उजेड कळत होता. "चमकतंय की रे! आहे ना पाणी?"

नेव्हिलने त्या मिठाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "काठोकाठ."

"आणि पक्षी?"

"आहेत. पुष्कळ."

"खोटारड्या," डॉरीन हसली. "पाणकोळी असले की इथे उभ्या उभ्या वासाने जीव जातो. मी नाक दाबून सँडविच खाल्लं होतं." तिने चाचपडत त्याचा दंड पकडला. "बस खाली. आता तरी सांगू देशील?"

"चुकलंच माझं, डॉरीन."

"ते मला क्वॉर्नमध्येच कळलं होतं. बस."

तो बसला. तिने बोट दाखवत सांगायला सुरुवात केली. पाणी कुठवर होतं, ग्लेनिसची चप्पल कुठल्या चिखलात रुतली, पाणकोळी कुठून उतरायचे. ती दाखवेल तिकडे तो मान वळवत होता. हातातली बिअर अगदी थंडगार होती. ती त्याने उघडली नाही.

"किती होते गं?" त्याने विचारलं.

"काय माहीत!" डॉरीन म्हणाली. "मला लांबचे दिसत नव्हते. मोजायला तू हवा होतास."