राखलेल्या जागेची बखर

श्रीशारदेस दंडवत, जी स्वतः वाग्देवी असोन भिंतीवरले 'शांतता राखा' सोसते. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एका वाचनालयाच्या राज्यी ग्रंथपाल हेमलताबाई गाडेकर राज्य करीत होत्या. त्यांनी आम्हांस पूर्वीच बजाविले होते जे, "अगं, रोज इथे असतेस, तर अभ्यासिकेतल्या पोरांकडेही बघत जा. गप्प असतात म्हणजे ठीक असतात असं नाही." आम्ही बालविभागाचे ठाणेदार, कडेवर लेकरू, हसोन म्हणालो, "मॅडम, मला हे एकच पुरे आहे."

आता राज्याची रीत ऐसी की, अभ्यासिकेत ज्याची पाण्याची बाटली टेबलावर, ती जागा त्याची, आणि वैरीही त्या बाटलीस हात लावीत नसे. खिडकीपाशी शाल्मली उबाळे इचे ठाणे. ही गावाहून आलेली, मागल्या गल्लीत खोली घेऊन राहणारी, आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या दुसऱ्या मोहिमेवर होती. वडिलांचा फोन शेजारी बसणाऱ्या निनादास येई, आणि तो बाटली पाहोन सांगे, "आहे ना काका, चहाला गेली असेल." मग वडील निश्चिंत होत आणि राज्यही निश्चिंत होई. परंतु आमची नजर आईची, वाईट तेच आधी पाहणारी. बाटलीतले पाणी कालपासोन तसूभर उतरले नाही ऐसे दिसले, आणि बाईंस वर्दी दिली. मग बाईंनी सर्वांदेखत बाटली उचलिली. हाहाकार जाहाला. "मॅडम, जागा धरलीय तिची!" "जागा राखलीत रे शहाण्यांनो, पोरगी कुठाय?" मग बाई निघाल्या, आणि मागे आम्ही, आणि कडेवर युवराज बिस्किटासह. खोलीचे दार वाजविले, उत्तर नाही, पुन्हा वाजविले, मग कडी निघाली. केस विस्कटलेले, मेसचा डबा न उघडलेला. शाल्मली म्हणाली, "पुस्तक उघडलं की रडूच येतं, मॅडम. बाबांना काय सांगू?" बाई गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज काही सांगू नकोस. आधी वरणभात खाऊ."

पुढे बाईंनी वडिलांस बोलाविले, आणि समुपदेशकाची गाठ घालोन दिली, आणि शाल्मलीस बालविभागी गोष्ट वाचावयास बसविले. वाघ रडतो तेथे तिचा आवाज अडला. युवराज वदले, "ताई, त्याला बिस्कीट दे ना!" तेव्हा ती हसली, आणि ते हसणे अभ्यासिकेपर्यंत गेले, आणि कोणी "शूऽऽ" केले नाही. वडील दारात उभे होते, म्हणाले, "परीक्षा यंदा राहू दे, बाळ. तू जेवत जा."

येणेप्रमाणे राज्य सुखरूप आहे. शाल्मली येते, एखादे दिवशी येत नाही, तेव्हा निनाद स्वतः जाऊन हाक मारितो. वाचकांनी इतके करावे: आपल्या ओळखीच्या ज्या पोरीस "अभ्यासात आहे" म्हणून कोणी हलवीत नाही, तिचे दार आजच वाजवावे, आणि ती समोर येईतो परतू नये.