धोंडू साळिंदर आणि खड्डा-जागृती मेळावा

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसू नका रे, होतं! माकडांना दिवसभर बसायला कुठंतरी जागा नको का?

कॉलेजच्या मैदानात एक खोल खड्डा होता. मागच्या वर्षी झाड लावायला खणला होता. झाड लावायचं राहिलं, फोटो तेवढा निघाला.

एके सकाळी धोंडू साळिंदर त्यात पडला. बिचारा कंदमुळं शोधत चालला होता. पोटात अन्नाचा कण नव्हता.

"अहो, कुणी आहे का? दोर टाका!"

माकडं धावली. वाकून बघितलं, आणि पळत जाऊन घेऊन आली... दोर नव्हे, टिटवीबाईंना! टिटवीबाई तिथल्या प्राध्यापक.

बाई गहिवरल्या. "मुलांनो, हा एकट्या धोंडूचा प्रश्न नाही. हा समाजाचा प्रश्न आहे!"

"बाई, समाज वर आहे. खाली मी एकटाच आहे," धोंडू म्हणाला.

टाळ्या पडल्या. एका माकडाने ते वाक्य फलकावर लिहिलं.

बघता बघता मांडव उभा राहिला. 'खड्डा : कारणं, राजकारण आणि आपण' असा विषय ठरला. दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. प्रास्ताविक करणाऱ्याचा सत्कार झाला. मग प्रमुख पाहुणे गवारेडेसाहेब उठले.

"मी तुमचा फार वेळ घेणार नाही," ते म्हणाले. बाळांनो, असं कुणी म्हणालं की आपण चपला शोधायला लागावं. साहेबांनी खड्ड्याचा इतिहास थेट पृथ्वीच्या जन्मापासून काढला.

"साहेब, दोर!" खालून हाक आली.

"प्रश्नोत्तरं शेवटी," टिटवीबाई म्हणाल्या.

माकडांना कळवळा नव्हता असं नाही हं. एक तर ढसाढसा रडलं. दुसऱ्याने कपाळाला 'मीही खड्ड्यात' अशी पट्टी बांधली आणि ते फांदीवर जाऊन बसलं.

दुपार झाली. मसालेभात आला, जिलबी आली. वास खड्ड्यात उतरला. धोंडूच्या पोटात कावळे कोकलायला लागले.

"आधी खड्डाग्रस्ताला वाढा!" बाई ओरडल्या.

माकडांनी टोपलीत ताट ठेवलं आणि टोपली खाली सोडली. कशाने? दोराने! चांगल्या जाडजूड दोराने!

धोंडू बघतच राहिला. "अरे, दोर होता की तुमच्याकडे!"

"होता ना. जेवणासाठी आणलाय," माकड म्हणालं.

धोंडूने ताट उचलून खाली ठेवलं आणि स्वतः टोपलीत बसला. गप्पांच्या नादात माकडांनी टोपली ओढली. धोंडू वर!

गवारेडेसाहेबांची जिलबी तोंडातच राहिली.

"धोंडूभाऊ, काय केलंत हे?" टिटवीबाईंना रडू आवरेना. "दुपारच्या सत्रात तुमचं मनोगत होतं. आता विषय काय उरला?"

"अहो, पण मी सुटलो की!"

"सुटलात ना? मग तुमचं इथं काय काम?"

"बरं बाई, चार घास खाऊन जातो."

"खड्डाग्रस्ताचं ताट खड्ड्यात आहे," बाई म्हणाल्या. "वरचं जेवण फक्त वक्त्यांना आणि श्रोत्यांना."

धोंडूने वर मांडवाकडे बघितलं. खाली खड्ड्याकडे बघितलं. जिलबी अजून गरम होती. "आई गं!" म्हणून त्याने डोळे मिटले आणि उडी घेतली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुपारचं सत्र अगदी वेळेवर सुरू झालं. दोर माकडांनी नीट गुंडाळून ठेवला. चहाच्या वेळी लागणार होता.

तात्पर्य : खड्ड्यात पडलेल्याला दोर कधीही देऊ नये, ताट द्यावं. दोराने एकटं साळिंदर वाचतं. ताटाने अख्खा मेळावा वाचतो.