रासबेरी बुडाली त्याची हकीकत

श्रीवनदेवतेस दंडवत. लिहिणार लहान, परंतु नुकसान मोठे, म्हणोन लिहिले. कोणाची भीड धरिली नाही. शके सत्राशें चार, शुभकृत नाम संवत्सर, चैत्रमासीचे वर्तमान ऐसे जे, डोंगराळ मुलखीं एक राज्य होते आणि त्याची कीर्ति रासबेरी नामे काटेरी झुडपाच्या, म्हणजे जाळीच्या, तांबड्या फळाची. परमुलखीचे वकील तहास आले तरी आधी फळ मागत आणि मग तहाची गोष्ट काढीत. मग त्या फळावर मावा नामे किडा चालोन आला. किडा तिळाएवढा, हिरवा, पानाखाली दडोन रस पिणारा. नुसता रस पिऊन जाता तर सोसले असते. परंतु एका जाळीचा रोग तोंडात घेऊन दुसरीस देता जाहला, आणि पाने मुरडली, फळ खड्यासारखे जाहले, आणि रोग एकदा शिरला की त्यास औषध नाही.

तेव्हां सरकारी बागेचे मुख्य हैबतराव बागदरोगे, शहाणा आणि तापट माणूस, त्यांणी विचार केला की किडा मारून संपत नाही, तर किड्यास नकोशी ऐसी जाळीच निर्मावी. घाटाखाली ओढ्यात एक रानटी जाळी होती. फळ आंबटढाण, परंतु मावा तिजवर बसे आणि सोंड न खुपसता उठोन जाई. मग हैबतराव आणि त्यांच्या पत्नी सगुणाबाई दोघे मिळोन सरकारी जाळीच्या मिटल्या कळ्यांतील केसर चिमट्याने काढीत, आणि रानजाळीचा पराग कुंचल्याने लावीत, आणि वर मलमलीची पिशवी बांधीत. बी रुजविले, रोपे आंबट निघाली. मग त्यांचा गोडाशी पुन्हा संकर केला. ऐसे करिता हैबतरावांची दाढी पांढरी जाहली. घरी मूलबाळ नव्हते. सगुणाबाई म्हणत, आमची पोरं सगळी काटेरी. रोपांची परीक्षा ऐसी की मधोमध रोगट जाळ्या लावाव्या, मावा मोकळा सोडावा, आणि जे रोप निरोगी तगेल तेच राखावे. लोक हसत की बागदरोगा सरकारचे खाऊन किडे पाळतो. हैबतराव म्हणत, पाळतो.

मग त्या साली गोड फळाची रोपे प्रथमच भरास आली, आणि मावा नुकता चढू लागला होता, आणि कोणते रोप खरे ते आता कळणार, तो दिवाणांचा हुकूम आला की महाराजांची स्वारी बाग पाहावयास येते. दिवाणांचे नाव लिहीत नाही, लिहिण्याजोगे नाही. त्या राज्याचा रिवाज ऐसा की महाराजांचे नजरेस रोगी माणूस, लंगडे घोडे, वाळले झाड पडू नये. सबब रोगट जाळ्या उपटाव्या आणि तंबाखूचा काढा फवारून किडा नाहीसा करावा.

सगुणाबाई म्हणाल्या, "काढा मारलात तर सगळीच रोपं हिरवी दिसतील. त्यातलं तगणारं कोणतं, कसं ओळखायचं?"

"स्वारी जाऊ दे. मावा पुन्हा सोडू."

"आणि स्वारीनं भलतंच काही केलं तर?"

"महाराज आपलं काम बघायला येतायत, सगुणे. इतक्या वर्षांत कोण आलं होतं?"

हैबतरावांनी काढ्याचा हंडा हर्षाने उचलिला.

मग स्वारी आली. बाग हिरवीगार, किडा औषधालाही नाही. महाराजांनी फळे चाखिली, एका जाळीचे फळ साखर निघाले, तिजला राणीसाहेबांचे नाव दिले, आणि तिचेच फुटवे राज्यभर लावावे ऐसा हुकूम जाहला. मग शाल मागविली, आणि हैबतरावांनी मान लवविली.

दिवाण म्हणाले, "आणि ही बाकीची काटेरी गर्दी?"

"उपटून टाका," महाराज म्हणाले. "इथं कारंजं करू."

हैबतरावांच्या ओठांपर्यंत 'थांबा' आले. परंतु शाल अंगावर पडत असता नाही म्हणावे, हे त्या राज्यात कोणासच शिकविले नव्हते. रोपे उपटिली, ढीग केला, जाळिला. काढ्यातून वाचला मावा असेल तर तो त्या धुरात गेला. तगणारे रोप असेल तर तेही गेले.

पुढील साली मावा फिरोन आला. राणीसाहेबांच्या नावाची जाळी पहिल्याच झटक्यास मुरडली, आणि गावोगाव तीच एक लाविली होती, म्हणोन गावोगाव तीच एक मेली. मग हैबतरावांस दरबारी उभे केले. दिवाण म्हणाले, "किडा होता, तर सरकारास दाखविला का नाही?" हैबतरावांची चाकरी गेली.

मग ते रानजाळी आणावयास घाटाखाली गेले, की मुळापासून आरंभ करावा. तेथे ओढा नव्हता. स्वारीची पालखी सुखरूप यावी म्हणोन दरड फोडिली होती आणि ओढा भरोन रस्ता केला होता, रुंद आणि साफ. घरी आले तो सगुणाबाई ओसरीवर मलमलीच्या पिशव्या शिवीत बसल्या होत्या.

"चला, हातपाय धुवा," त्या म्हणाल्या. "पुन्हा करू."

"कशापासून करू?" हैबतराव म्हणाले.

बाईंनी सुई कापडात तशीच टोचोन ठेविली.

सारांश, त्या राज्यात त्या दिवशी महाराजांचे नजरेस किडा पडला नाही. एवढे मात्र साधले.