तांदळाच्या डब्यातली घड्याळं

तातूकाकांबरोबर धरणाकडं सुट्टीला जायचं, तर उतरल्या उतरल्या हातातलं घड्याळ काढून द्यावं लागे. काका तांदळाचा डबा उघडून दारातच उभे असत. सगळ्यांची घड्याळं, पुढं पुढं मोबाईलसुद्धा, त्या तांदळात पुरली जात. झाकण दाबून बसवलं की म्हणत, "झालं! आता कुणाची गाडी सुटाय लागलीया?"

आणि हे म्हणणारा माणूस कोण? तीस वर्षं बस स्टँडवर कंट्रोलर! "गडहिंग्लज, गडहिंग्लज, फलाट नंबर चार" हे त्यांच्या घशात इतकं मुरलेलं, की घरात चहासुद्धा ते तीनदा पुकारा करून मागायचे. उचगावच्या आमच्या गल्लीत लोक त्यांच्या आंघोळीवर घड्याळ लावत. गाडी कुणासाठी थांबत न्हाय, हा त्यांचा कायदा. एकदा काकू माहेरी निघाली. हातात बोचकं घेऊन ती फलाटाकडं पळत येताना काकांना दिसत होती. काकांनी कंडक्टरला हात केला आणि गाडी गेली. पुढच्या गाडीपर्यंत काकू त्यांच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर बसून राहिली. काकांनी चहा मागवला, तो तिनं शेजारच्या बाईला दिला.

हाच माणूस वर्षातले चार दिवस पार बदलून जायचा. राधानगरीकडं, पण गर्दी असते त्याच्या उलट अंगाला, पाण्याच्या कडेला गौराक्काचं घर आहे. तिच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घ्यायचो. "रंकाळ्याला का नको?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "तिथं पाण्यापरास माणसं जास्त," काका म्हणाले. गौराक्काकडं दिवसच वेगळा. काका येताना एकच पेपर आणत आणि तो चार दिवस पुरवून वाचत. "बातमी काय पळून जाती व्हय?" सकाळी फिरायला म्हणून निघत, ते शंभर पावलांवरच्या जांभळाखाली पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. मग पाण्यात पाय सोडून बसायचं. काकू शेंगा भाजून आणायची, टरफलं पाण्यात पडायची, आणि ती कुठल्या दिशेनं जातात यावर दोघांचं भांडण. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी प्रत्येक दिवाळीची सुट्टी त्या काठावर गेली. तेवढं निवांत मी पुन्हा कधीच बसलेलो नाही.

आता जे सांगायचं आहे ते तीन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात काकू गेली. दिवाळी सरली तशी काकांनी पिशवी भरली. "मी आज पुढं होतो, तू उद्या सकाळच्या गाडीनं ये," म्हणाले. मी येतो म्हणालो. सकाळी आंघोळ केली, बूट घातले आणि उंबऱ्याशी बसलो तो बसूनच राहिलो. काकूशिवायचे काका बघायची माझी छाती झाली नाही. दुपारी गौराक्काच्या फोनवर सांगितलं, "काका, गाडी चुकली." ते एवढंच म्हणाले, "बरं. जेव आता." पुढची दोन वर्षंही मी काहीतरी कारण काढलं. काका एकटे जाऊन आले.

यंदा गेलो. घड्याळ, मोबाईल तांदळात गेले. दुसऱ्या दिवशी गौराक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मला म्हणाली, "पावणं, त्या साली तुमी कसं काय चुकलासा ओ?"

"उशीर झाला, अक्का."

"आता गं बया! काकांनी तर तांदळात हात घालून फोन काढलाता की. स्टँडवरच्या कुण्या पोराला म्हणालं, 'आमचा पुतण्या यायचाय, जरा थांबीव गाडी.' पंधरा मिंटं थांबलीती म्हणं. हितं मातूर रिकामीच आली. त्ये वर रस्त्यावर उभंच हुतं."

ज्यांनी बायकोसाठी गाडी थांबवली नव्हती, त्यांनी माझ्यासाठी थांबवली होती. आणि त्याच माणसाला मी गाडी चुकली म्हणून सांगितलं होतं.

काका पाण्यात पाय सोडून बसले होते. कालच्या पेपरचं दुसरं पान चाललं होतं. मी शेजारी बसलो.

"काका, त्या वर्षी गाडी चुकली नव्हती. मी घरातनं निघालोच नव्हतो."

"ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "काय बोलायचं? मी बी पिशवी भरून दोन तास दारातच बसलोतो की. पाय निघंना." मग खिशातून शेंगा काढून निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या.

बराच वेळ आम्ही टरफलं पाण्यात टाकत बसलो. ती कुठं चाललीत यावर कुणीच भांडलं नाही. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. काकांनी सवयीनं रिकाम्या मनगटाकडं पाहिलं, मग सूर्याकडं.

"लेट हाय," म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "असू दे. कुणासाठी तरी थांबली असंल."